दवाखाना, दिवसकार्य आणि घरचा हिशेब: सीमाभागातल्या घरांनी या चुका टाळा

घरात मोठं आजारपण शिरलं की पैसा जाणारच, त्याला इलाज नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत कागद लिहून देण्याची कामं करताना एक गोष्ट सारखी दिसते. घर बिलानं जेवढं वाकतं, तेवढंच उलट्या क्रमानं केलेल्या कामांनी वाकतं. जे आधी करायचं ते मागाहून होतं आणि जे सहा महिन्यांनी चाललं असतं ते तेराव्याच्या आत उरकलं जातं. आपल्याकडे त्यात भर म्हणजे दवाखाना एका राज्यात, रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात, आणि कागदावरची भाषा घरातल्या निम्म्या माणसांना वाचता न येणारी.

दवाखाना आधी, कार्ड मागाहून

सगळ्यात महाग चूक हीच. निपाणीचा माणूस कोल्हापूरकडे बघतो, अथणी-कागवाडचा मिरजेकडे, खानापूरचा बेळगावकडे. यात वावगं काही नाही. पाहुणे तिथं असतात, डॉक्टरांशी मराठीत बोलता येतं, आणि मिरजेच्या दवाखान्यांवर तर आपल्या आज्या-पणज्यांपासूनचा विश्वास. पण खिशातलं कार्ड कर्नाटकाचं असतं, आणि ते कुठं चालतं हे गाडीत बसायच्या आधी कोणी विचारत नाही.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं) कार्ड असेल तर ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंतच. बऱ्याच जणांचा इथंच घोटाळा होतो. ‘आयुष्मान आहे’ एवढंच ऐकलेलं असतं, ३० टक्क्यांचं काउंटरवर कळतं.

दुसरी अट रेफर चिठ्ठीची. तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, तिथं तो उपचार होत नसेल तर ते चिठ्ठी देतात, आणि ती घेऊन यादीतल्या खासगी दवाखान्यात जायचं. आपली माणसं आधी ॲडमिट होतात आणि चौथ्या दिवशी सिव्हिलमध्ये चिठ्ठी मागायला उभी राहतात. मागची तारीख घालून चिठ्ठी कोण देणार? गुडघा, हर्निया, मोतीबिंदू, ठरवून करायची कुठलीही शस्त्रक्रिया असो, आधी चिठ्ठी, मग खाट. हार्ट अटॅक, अपघात अशा वेळी चिठ्ठीसाठी थांबू नका, थेट न्या. पण कार्ड पहिल्याच दिवशी काउंटरवर दाखवा.

सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर कर्नाटकाची यशस्विनी आरोग्य योजना बघा. ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये भरून ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण नाव नोंदवायची मुदत ठरलेली असते. आजार कळल्यावर सेक्रेटरीच्या दारात जाऊन उपयोग नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली. राजकारण काय व्हायचं ते होवो, नुसत्या बातमीच्या भरवशावर पेशंट हलवू नका. ज्या दवाखान्यात जायचंय तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करून एवढंच विचारा: ‘आमचं हे कार्ड, तुमच्याकडे, याच ऑपरेशनला चालतं का?’ तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच पुढं.

माजी सैनिकांची घरं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्यासाठी एकच सांगणं. यादीबाहेरच्या दवाखान्यात तातडीनं न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला कळवा. पेशंटजवळ बसलेल्याला हे आठवत नाही. म्हणून एकानं पेशंटजवळ बसायचं आणि कागदांची पिशवी दुसऱ्यानं सांभाळायची, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. थोरला म्हणून सगळं एकट्या अण्णानंच बघायचं, ही पद्धत आजारपणात चालत नाही.

पैसा चुकीच्या टोकाकडून काढणं

गल्लीतल्या सावकाराकडे शेकडा तीननं पैसे मिळतात, लगेच मिळतात, सही सोडून काही लागत नाही. लाखाला महिन्याला ३ हजार, वर्षाला ३६ हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथं. त्याच वेळी त्या घरात कपाटात सोनं असतं आणि ‘मोडायची नाही’ म्हणून ठेवलेली ठेवही असते. सोन्यावर भावनेनं हात पडत नाही, हे समजतं. पण बँकेत तारण ठेवलेला दागिना परत येऊ शकतो, सावकाराचं व्याज गेलं ते गेलंच.

क्रम साधा आहे. आधी बचत खात्यातलं, मग ठेवीवर कर्ज किंवा ठेव मोडणं, मग बँकेचं सोनेतारण. सावकार सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर नाहीच. जमीन तर आजारपणाच्या महिन्यात विकूच नये. गिऱ्हाईकाला तुमची नड माहीत असते आणि भाव तोच ठरवतो.

ठेवी कुठं आहेत तेही बघा. आपल्याकडे अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी सौहार्द (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्था) नाहीतर पतसंस्थेत ठेवायची सवय आहे. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. तो सहकारी बँकेलाही आहे, पण सोसायटीला आणि पतसंस्थेला नाही. त्यातल्या चांगल्या संस्था चांगल्याच आहेत. तरीही दवाखान्यासाठी म्हणून राखलेला पैसा बँकेत असावा, असं माझं ठाम मत आहे. दवाखान्याचं काउंटर ‘पुढच्या सोमवारी या’ हे उत्तर ऐकून घेत नाही.

पीक कर्जाची तारीख विसरू नका. कर्नाटकात सोसायटीतून ५ लाखांपर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी मिळतं, पण मुदतीत भरलं तरच. दवाखान्याच्या धावपळीत तारीख हुकते आणि बिनव्याजी कर्जाला व्याज लागतं. शेजारच्या कोणालातरी ती तारीख सांगून ठेवा.

आजारपणात राजीनामा

उद्यमबागेतल्या नाहीतर मच्छेतल्या कारखान्यात काम करणारा माणूस दोन महिने अंथरुणावर पडला की ‘राजीनामा दे, पीएफ तरी हातात येईल’ असा सल्ला कोणीतरी देतंच. देऊ नका. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफच्या विमा योजनेतून वारसांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. नोकरी सोडली की ते दार बंद व्हायला लागतं. ईएसआय (कामगार विमा) असेल तर आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि कॅन्सर, क्षय अशा ठरावीक मोठ्या आजारांत ही मुदत वाढते. हे सगळं पटावर नाव आहे तोवरच.

दाखला न वाचता घेणं

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, आणि जिथं मृत्यू झाला तिथं करायची. माणूस येळ्ळूरचा, पण कोल्हापूरच्या दवाखान्यात गेला, तर नोंद कोल्हापूरला. रक्षाविसर्जन झाल्यावर आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन आठ-दहा दिवस हेलपाटे घालणारी घरं दर वर्षी दिसतात.

आणि दाखल्यावरचं नाव. आधारवर परशुराम, रेशन कार्डावर परशराम, विम्यावर पर्सू, आणि कन्नडमधून इंग्रजीत उतरताना तिसरंच काही. एखाद्या अक्षरावरून बँक फाइल परत पाठवते. दवाखान्यात नोंदीचा फॉर्म भरला जातो तेव्हाच आधार कार्ड पुढं ठेवून नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अक्षर न् अक्षर लावून बघा. कन्नड येत नसेल तर वाचता येणाऱ्या एखाद्या पोराला बरोबर घ्या, लाजायचं कारण नाही. नाव चुकलंच असेल तर आधी दाखला दुरुस्त करून घ्या, जुन्या कागदांसाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा, आणि मगच बाकीच्या फायली हलवा. दहा प्रती काढा. बँक, विमा, पीएफ, उतारा, रेशन, पेन्शन, प्रत्येक जण एक ठेवून घेतो.

फौजी घरात हीच गोष्ट बायकोच्या नावाची. पेन्शनच्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. माणूस असताना ते एका अर्जानं सुटतं, गेल्यावर कौटुंबिक पेन्शन अडकून बसते.

पासबुक न बघता कपाटात टाकणं

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचे मालक वयाच्या ४७व्या वर्षी गेले. विमा काही नव्हता, असं त्या सांगत होत्या. पासबुक छापून आणलं तर मे महिन्याच्या अखेरीस एक ओळ होती: ‘पीएमजेजेबीवाय’, समोर ४३६. खाली आणखी एक, २० रुपयांची. वहिनींना वाटत होतं बँकेचे चार्जेस असतील. ती ४३६ची ओळ म्हणजे जीवनज्योती विमा, २ लाखांचा, वयाच्या ५५ पर्यंत. २० रुपयांची ओळ सुरक्षा विम्याची, अपघाती मृत्यूला २ लाख. २०२२ च्या आधी हेच आकडे ३३० आणि १२ होते.

म्हणून आधी सगळी पासबुकं छापून घ्या आणि मागच्या दोन वर्षांच्या कपाती बोटानं बघत जा. दावा त्याच बँकेत करायचा, आणि महिन्याच्या आत केलेला बरा. घर बीपीएल असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार मिळतात, त्याची चौकशी नाडकचेरीत (भागातल्या महसूल कार्यालयात) करा. विधवा पेन्शनचा अर्जही तिथंच. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जिच्या नावावर येत होते तीच आई गेली असेल, तर रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख बदलून घ्या.

आणि हो, गेलेल्या माणसाच्या एटीएमवरून किंवा फोनपेवरून पैसे काढू नका. पिन माहीत असला तरी. आज सोय वाटते, उद्या भाऊबंदकीत त्याच स्टेटमेंटची झेरॉक्स तुमच्यासमोर येते.

‘बहिणी आल्याच आहेत, सह्या घेऊन टाकू’

बाराव्याला बहिणी आलेल्या असतात, परत कधी जमणार, म्हणून त्याच बैठकीत हक्कसोडीच्या कागदावर सह्या. माणुसकीच्या दृष्टीनंही हे बरं दिसत नाही. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हक्क कायद्यानं मुलाइतकाच आहे, आणि जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही. नोंदणी नसलेल्या कागदावरच्या त्या सह्या पुढं फक्त कोर्टात कामाला येतात. दिवसकार्य होऊ द्या. नाडकचेरीतून वंशावळ काढा, तीत सगळ्यांची नावं घाला, आणि पौती खात्यानं (गेलेल्याच्या जागी वारस लावायची नोंद) उताऱ्यावर वारसांची नावं लावून घ्या. वाटणीचं बोलणं नंतर. ऊस बापाच्या नावावर लागलेला असेल तर कारखान्याच्या शेती विभागाला मात्र लगेच कळवा, नाहीतर बिल बंद पडलेल्या खात्यावर जमा होऊन अडकतं.

गेलेल्याचं कर्ज डोळे मिटून अंगावर घेणं

वसुलीवाला दारात येऊन ‘बापाचं कर्ज पोरानं फेडायचं’ म्हणतो आणि पोरगं लाजेनं सही करतं. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असाल तर गोष्ट वेगळी, तिथं सुटका नाही. म्हणून नव्या कागदावर सही करायच्या आधी मूळ कर्जाचे कागद मागा आणि कर्जाला विमा जोडलाय का विचारा. बायकांच्या गटाच्या कर्जाला तो बऱ्याचदा असतो, कधी नवऱ्याचाही, आणि त्याचा हप्ता तुमच्याच पैशातून कापलेला असतो. मायक्रोफायनान्सच्या माणसानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दमदाटीविरुद्ध कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

नॉमिनी म्हणजे मालक, असं समजणं

बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. ते कोणाचे हे वारसा कायदा ठरवतो. तरीही नॉमिनी असलाच पाहिजे, कारण त्याच्यामुळे पैसे लवकर सुटतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्के ठरवून. सोसायटीतल्या ठेवीचा नॉमिनी वेगळा लावावा लागतो; बँकेत लावला म्हणजे तिथं लागला असं होत नाही.

कागद पूर्ण देऊनही बँक टोलवत असेल तर तोंडी भांडू नका. शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीचा नंबर १४४४८. सोसायटी किंवा सौहार्दबद्दलची तक्रार तिथं घेत नाहीत, ती सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात द्यायची.