आधी तिथी, मग लेन्स

किनाऱ्यावरचे पक्षी टिपायचे ठरवलं की नवखे आधी लेन्सची किंमत विचारतात. मी त्यांना विचारतो, आज तिथी कोणती?

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. नेमकी वेळ गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्या. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि चिखल्या, तुतवार, कोरल हे चिखलातले पक्षी किडे टिपत इतके दूर पांगतात की ६०० मिमी लेन्समधूनही ठिपकेच दिसतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना वाळूच्या पट्ट्याकडे रेटतं. तिथे तुम्ही आधीपासून बसलेले हवेत. शिवाय आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून थेट पक्ष्यांवर पडतं. संध्याकाळी सूर्य समोर, मग नुसत्या काळ्या आकृत्या. म्हणून द्वादशीपासून पुनवेपर्यंतच्या किंवा अवसेपर्यंतच्या सकाळी मी दुसऱ्या कशालाही देत नाही.

जागा म्हणाल तर गोव्यातलं मोरजी, शापोरा नदीच्या मुखाशी, नोव्हेंबर ते मार्च. कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवे तिथे बसतात आणि नवख्यांची पहिली फजिती तिथेच होते. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघांचंही डोकं पांढरंच, कानामागे फक्त एक गडद डाग. तेव्हा डोकं सोडा, पंख पाहा. प्रौढ पक्ष्याच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असेल तर तपकिरी डोक्याचा. पुढची कड पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. पहिला लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करतो. आपण जानेवारीत पंखा लावून झोपतो, तोच त्याचा हिवाळा!

फोटोसाठी वाळूत पालथं पडायची तयारी ठेवा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेली चौकट उभ्याने मिळत नाही. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या आसपास. पांढरा कुरव गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा. आणि कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका, किनाऱ्यावर काढल्याबरोबर काचेवर वाफ धरते.

उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यात धावणाऱ्यांचा मला राग येतो. पक्षी उठवायला भटकी कुत्री पुरेशी आहेत. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते.

ओळख पक्की करायची असेल तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत एखाद्या जाणत्याबरोबर जा. शेकडो बदकं मोजताना जे शिकता येतं, ते पुस्तकात सापडत नाही. तिथी जुळत नसेल त्या रविवारी रायबंदरहून फेरीबोट पकडा आणि चोडणला सलीम अली अभयारण्यात जा. तिथल्या खारफुटीत गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला खंड्या शोधा.