मेडड्रा आणि डब्ल्यूएचओ ड्रग: ट्रायलच्या डेटाचं कोडिंग कसं करायचं

आधी एक घोळ मिटवू. मेडिकल कोडिंग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना अमेरिकन इन्शुरन्सवालं कोडिंग आठवतं, आयसीडी-१०, सीपीटी, बिलं वगैरे, आणि त्याचे क्लासवाले फोन करून करून पिडतात. ते वेगळं. इथे बोलतोय ते क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटमधलं कोडिंग, म्हणजे ट्रायलमध्ये, औषधाच्या चाचणीत, डॉक्टरांनी लिहिलेला त्रास, जुने आजार आणि चालू औषधं एका ठरलेल्या डिक्शनरीत बसवायची. पुण्या-मुंबईत बीफार्म, बीएचएमएस, बीडीएस झालेली बरीच मुलं या कामात येतात, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यांचा प्रश्न तोच, एवढ्या टर्म्समधून नेमकी कुठली निवडायची?

डिक्शनऱ्या दोन. त्रास, आजार, तपासण्या, ऑपरेशन यांच्यासाठी मेडड्रा, ती आयसीएचची, म्हणजे औषधांचे नियम देशोदेशी एकसारखे करणाऱ्या संस्थेची, आणि सांभाळते एमएसएसओ, त्या डिक्शनरीच्या देखभालीची संस्था. औषधांसाठी डब्ल्यूएचओ ड्रग, ती स्वीडनचं उप्साला मॉनिटरिंग सेंटर काढतं. दोन्हींची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मार्च आणि सप्टेंबर. कुठली वापरायची ते स्टडीच्या, म्हणजे त्या ट्रायलच्या, डेटा मॅनेजमेंट प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, तेच उघडून बघायचं, शेजारच्याला विचारायचं नाही, त्याचा स्टडी वेगळ्या आवृत्तीवर असू शकतो.

मेडड्राचे पाच थर. सगळ्यात खाली एलएलटी (लोएस्ट लेव्हल टर्म), ८०,००० च्या वर, त्यात लोक बोलतात-लिहितात तसे शब्द, जुनी नावं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग. त्यावर पीटी (प्रिफर्ड टर्म), मग एचएलटी (हाय लेव्हल टर्म), एचएलजीटी (हाय लेव्हल ग्रुप टर्म) आणि वर एसओसी (सिस्टम ऑर्गन क्लास), म्हणजे शरीरसंस्थेनुसार मोठे गट, ते २७. (आधी २६ होते, २०१६ साली १९.० आवृत्तीत प्रॉडक्ट इश्यूजचा गट आला.) तुम्ही निवडता फक्त एलएलटी, वरचं सगळं आपोआप येतं. डॉक्टरने 'फीवर' लिहिलं तर एलएलटी फीवर, पीटी पायरेक्सिया. 'गिडीनेस' लिहिलं तर पीटी डिझिनेस, एसओसी नर्व्हस सिस्टम. पण 'व्हर्टिगो' लिहिलं तर तोच पेशंट कानाच्या गटात जाऊन बसतो. म्हणून दोन्ही एकच की, असं म्हणून एकाच्या जागी दुसरं टाकायचं नाही.

प्रत्येक टर्मला आठ आकडी कोड असतो, पीटी हेडेक म्हणजे १००१९२११. आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, पाठ करू नका. आणि एलएलटी निवडताना ती करंट आहे ना हे बघा, नॉन-करंट टर्म्स फक्त जुन्या डेटासाठी ठेवलेल्या असतात.

आता या कामातला खरा नियम. जे लिहिलंय तेवढंच कोड करायचं. कमी नाही, जास्त नाही. ऐकायला सोपं, पण ज्यांना मेडिकलचं थोडं कळतं त्यांनाच हे जड जातं, कारण डोकं आपोआप निदान करायला लागतं. साईटने, म्हणजे ट्रायल चालू आहे त्या हॉस्पिटलने, लिहिलंय 'लूज स्टूल्स, तीन दिवस'. तुम्हाला वाटतं हे गॅस्ट्रोच असणार, पावसाळा आहे, पाणी खराब. आणि तुम्ही गॅस्ट्रोएन्टरायटिस टाकलं. झालं काय, तर लूज स्टूल्सचा पीटी डायरिया, तो पोटाच्या गटात, आणि गॅस्ट्रोएन्टरायटिसचा प्रायमरी, म्हणजे मुख्य, एसओसी इन्फेक्शन्स. असं दहा पेशंटच्या बाबतीत केलं की फायनल टेबलमध्ये औषधाने इन्फेक्शन वाढतंय असं दिसायला लागतं आणि डायरिया, जो कदाचित औषधाचाच साइड इफेक्ट आहे, तो गायब.

लॅबच्या बाबतीत तर रोजची मारामारी. 'ब्लड प्रेशर इन्क्रीज्ड' हे इन्व्हेस्टिगेशन्समध्ये, 'हायपरटेन्शन' व्हॅस्क्युलरमध्ये. 'हिमोग्लोबिन डिक्रीज्ड' इन्व्हेस्टिगेशन्समध्ये, 'अॅनिमिया' रक्ताच्या गटात. डायबेटिसचा स्टडी असेल तर 'लो शुगर' आणि 'हायपोग्लायसेमिया' यातला फरक म्हणजे अख्ख्या स्टडीचा मुद्दा. डॉक्टरने निदान लिहिलं असेल तर निदान, नुसती व्हॅल्यू कमी-जास्त लिहिली असेल तर इन्व्हेस्टिगेशन. आणि 'शुगर ५२' एवढंच लिहून सोडलं असेल तर स्वतःहून त्याचा हायपोग्लायसेमिया करायचा नाही, साईटला विचारायचं.

विचारायचं म्हणजे क्वेरी, लेखी प्रश्न, टाकायची. समजा साईटने नुसतं 'डायबेटिस' लिहिलंय. 'टाइप २ डायबेटिस म्हणायचंय का?' असं विचारलंत की साईट कोऑर्डिनेटर हो म्हणून क्वेरी बंद करणार, त्याला अजून चाळीस क्वेऱ्या मिटवायच्यात. ही लीडिंग क्वेरी, म्हणजे उत्तर सुचवणारी, ऑडिटमध्ये धरतात. 'डायबेटिसचा प्रकार माहीत असल्यास कृपया नोंदवा' असं विचारा. उत्तर आलं नाही तर डायबेटिस मेलिटस एवढंच कोड करा, भले स्टडीतले सगळे पेशंट टाइप २ चेच असोत. आणि व्हर्बेटिम, म्हणजे साईटने टाइप केलेला मूळ मजकूर, त्याला कोडरने हात लावायचा नाही. स्पेलिंग चुकलं असलं तरी नाही. बदल करायचा तर साईटनेच करायचा.

शॉर्टफॉर्म ही आपल्याकडची खास डोकेदुखी. भारतीय साईटवर टीबीला सर्रास 'कॉक्स' लिहितात, सिझेरियनला 'एलएससीएस', जुन्या पेशंटच्या नावापुढे 'के/सी/ओ डीएम, एचटीएन', म्हणजे आधीपासून डायबेटिस आणि ब्लड प्रेशर. बाहेरच्या मेडिकल मॉनिटरला, म्हणजे ट्रायलवर वैद्यकीय देखरेख ठेवणाऱ्या डॉक्टरला, यातलं निम्मं कळत नाही, आणि तुम्हाला कळतं म्हणून तुम्ही धडाधड कोड करत सुटता. थांबा जरा. 'आरटीए' म्हणजे रोड ट्रॅफिक अॅक्सिडेंट, पण किडनीच्या स्टडीत तेच रीनल ट्युब्युलर अॅसिडोसिस. 'एमआय' मायोकार्डियल इन्फार्क्शन की मायट्रल इनकॉम्पिटन्स? 'एएस' एऑर्टिक स्टेनोसिस की अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस? स्टडी सुरू होतानाच मान्य शॉर्टफॉर्मची यादी मेडिकल मॉनिटरकडून मंजूर करून घ्या, त्यात आहे ते कोड करा, नाही ते क्वेरी. नुसतं 'कोल्ड' लिहिलं तरी सर्दी की थंडी वाजतेय हे बघावं लागतं.

एका ओळीत दोन गोष्टी असतील, 'डीएम अँड एचटीएन सिन्स २०१५' सारख्या, तर साईटला दोन ओळी करायला सांगा. पण सगळीकडे तोडत सुटू नका. डायबेटिसमुळे झालेली रेटिनोपॅथी याला डायबेटिक रेटिनोपॅथी अशी एकच टर्म आहे, खाज येणारी रॅश याला इची रॅश आहे. ई. कोलायचं युरिन इन्फेक्शन लिहिलंय तर नुसतं युटीआय टाकून जंतू हरवू नका, तशी टर्म आहे. थोडक्यात कोड करण्याआधी मेडड्राच्या ब्राउझरमध्ये शोधा, दोन-तीन वेगवेगळे शब्द टाकून शोधा, आणि सापडलेल्या टर्मचा वरचा रस्ता एसओसीपर्यंत बघा. तो रस्ता विचित्र वाटला तर बहुतेक वेळा टर्म चुकीची असते.

अजून एक, साईट्स 'अॅपेंडिसेक्टमी' किंवा 'हॉस्पिटलायझेशन' किंवा 'डेथ' हे अॅडव्हर्स इव्हेंट, म्हणजे ट्रायलमध्ये झालेला त्रास, म्हणून टाकतात. ऑपरेशन हा उपचार झाला, त्रास काय होता ते विचारा. अॅडमिट होणं हा सीरियसनेसचा निकष आहे आणि मृत्यू हा आउटकम, म्हणजे त्या त्रासाचा शेवट, त्यामागचं कारण कोड व्हायला हवं. कारण कळलंच नाही तर नाइलाजाने डेथ कोड होतं, पण आधी विचारून.

आता औषधं. इथे डिक्शनरीत नाव सापडणं तितकं अवघड नसतं, डोलो, क्रोसिन, पॅन ४० हे बहुतेक मिळतं, पण शेपट्या बघा. पॅन आणि पॅन-डी एक नाही, दुसऱ्यात डोम्पेरिडोन आहे. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, ग्लायकोमेट-जीपीमध्ये ग्लिमेपिराइडही आहे. कॉम्बिफ्लामला नुसतं आयब्युप्रोफेन कोड केलं तर आतलं पॅरासिटामॉल कुठे गेलं? लिव्हरवर लक्ष ठेवणाऱ्या स्टडीत हे फार महाग पडतं. ब्रँड सापडलाच नाही तर त्यातले घटक खात्रीने शोधून जेनेरिक नावाने कोड करायचं. त्याच नावाचा दुसऱ्या देशातला ब्रँड सापडला म्हणून खूश होऊ नका, आतलं औषध वेगळं असू शकतं, म्हणून देश बघायचा, डब्ल्यूएचओ ड्रगच्या सी३ फॉरमॅटमध्ये देश, कंपनी, डोसेज फॉर्म असं सगळं असतं. अश्वगंधा, काढे, चूर्ण यांनाही वगळायचं नाही, डब्ल्यूएचओ ड्रग ग्लोबलमध्ये हर्बलही आहेत.

खरा वेळ जातो एटीसीत. एटीसी म्हणजे औषध शरीरात कुठे आणि कशासाठी काम करतं त्यानुसार केलेलं वर्गीकरण, एका औषधाला अनेक एटीसी असू शकतात. अॅस्पिरिन घ्या. इकोस्प्रिन ७५, अँजिओप्लास्टीनंतर रोज एक, हे बी०१एसी, रक्त गोठू नये म्हणून. तेच अॅस्पिरिन डोकेदुखीला घेतलं तर एन०२बीए. डेक्सामेथासोन तोंडाने किंवा इंजेक्शनने दिलं तर एच०२एबी, डोळ्यात थेंब टाकले तर एस०१बीए. मेट्रोनिडाझोलचंही तसंच, गोळी वेगळी, सलाईनमधून वेगळं, क्रीम वेगळं. म्हणजे औषधाच्या नावाआधी इंडिकेशन (कशासाठी दिलं) आणि रूट (कुठून दिलं) वाचायचं, मग डोस. इंडिकेशनचा रकाना रिकामा किंवा 'प्रोफिलॅक्सिस' (प्रतिबंध) एवढंच असेल तर क्वेरी टाका, कशाचं प्रोफिलॅक्सिस? आणि इंडिकेशन जुन्या आजारांच्या यादीशी जुळतंय का तेही बघा, मेटफॉर्मिन चालू आहे आणि हिस्टरीत डायबेटिस नाही असं बरेचदा सापडतं. हे खरं तर कोडरचं काम नाही असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण एवढ्या बारकाईने ती ओळ दुसरं कोणी वाचतच नसतं.

ऑटोकोडिंगबद्दल थोडंसं. सिस्टिम हुबेहूब जुळणारं स्वतः कोड करते आणि आधी मंजूर झालेल्या सिनॉनिम लिस्टमधूनही, म्हणजे कुठला मजकूर कुठल्या टर्मला जातो त्या यादीतूनही, उचलते. छान सोय आहे, पण सिनॉनिम लिस्टमध्ये एक चुकीची नोंद गेली की ती प्रत्येक पेशंटला चिकटते आणि कोणालाच दिसत नाही, म्हणून त्या लिस्टमध्ये भर घालताना दुसऱ्या माणसाची सही हवीच.

आवृत्ती बदलली, म्हणजे समजा स्टडीच्या मध्ये २७.१ वरून २८.० वर गेलात, तर काही एलएलटी दुसऱ्या पीटीखाली गेलेल्या असतात, काही नॉन-करंट झालेल्या असतात. मार्चच्या आवृत्तीत वरच्या थरांतही बदल होतात, सप्टेंबरच्या आवृत्तीत ते नसतात. इम्पॅक्ट रिपोर्ट, म्हणजे बदलाचा परिणाम झालेल्या ओळींची यादी, काढून तेवढ्याच ओळी तपासायच्या. २०२० मध्ये तर २३.० पुन्हा एप्रिलमध्ये सुधारून काढावी लागली होती, कोविडच्या टर्म्स घालायला.

डेटाबेस लॉक व्हायच्या, म्हणजे डेटा बदलणं बंद व्हायच्या, आधी दोन लिस्टिंग काढा. एक व्हर्बेटिमनुसार लावलेली, त्यात एकच मजकूर दोन ठिकाणी दोन तऱ्हेने कोड झालाय का ते दिसतं. दुसरी पीटीनुसार लावलेली, त्यात एकेका पीटीखाली कायकाय जमा झालंय ते वाचत जायचं, जे विसंगत आहे ते तिथे लगेच खुपतं. सीरियस इव्हेंट सेफ्टी डेटाबेसमध्ये वेगळ्या टीमने कोड केलेले असतात, त्यांचे आणि तुमचे पीटी जुळवून घ्या, नाहीतर लॉकच्या आदल्या रात्री रिकन्सिलिएशनचे, म्हणजे जुळवाजुळवीचे, मेल सुरू होतात. मग दोन्ही लिस्टिंग मेडिकल मॉनिटरकडे, त्याच्या कमेंट्सना उत्तरं, त्याची मंजुरी ट्रायल मास्टर फाइलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या कागदपत्रांच्या फाइलीत, आणि न कोड झालेल्या ओळींचा रिपोर्ट शेवटचा चालवून शून्य आला की मगच कोडिंग पूर्ण म्हणून कळवायचं.