लिनन घ्यायचं, शिवायचं, धुवायचं कसं: इंदूरच्या उन्हाळ्यातला अनुभव

मे महिन्यात, ४२ डिग्रीत, सिल्कचा कुर्ता घालून लग्नाच्या पंगतीत घाम पुसत बसायचं हे मी बरीच वर्षं केलं, मग लिननवर आलो आणि पहिलाच कुर्ता वाया घालवला. कापड न धुता तसंच शिवायला टाकलं होतं, पहिल्या धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या. टेलरची काही चूक नाही, माझीच. तर आधी हेच सांगतो, कापड थोडं जास्त घ्या, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा आणि मगच टेलरकडे न्या.

घ्यायला एम. टी. क्लॉथ मार्केटकडे जाणार असाल तर दिवसाउजेडी जा, पोत नीट दिसतो. आणि कुठेही गेलात तरी 'प्युअर' आहे का ते विचारा, कारण नुसतं लिनन म्हटलं की कॉटन मिक्सही दाखवतात. मुठीत घट्ट दाबून सोडा, चुण्या पडल्याच पाहिजेत, नाही पडल्या तर पाकीट परत खिशात! काठाचे दोन धागे मागून घ्या आणि घरी जाळून बघा, कागद जळल्यासारखा वास आणि बोटात चुरणारी राख आली तर ठीक, कडक मणी झाला तर पॉलिएस्टर आहे. (कॉटनपण असंच जळतं हां, म्हणून मधे मधे जाड होणारा धागा आणि हाताला लागणारा गारवा हेही बघायचं.) ४० ली, ६० ली (ली म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचं माप) असं सांगतात ना, तो आकडा मोठा तेवढा धागा बारीक, शर्टाला ६० मस्त.

हे निघतं जवसाच्या काडीतून, हो, आपण चटणी करतो तेच जवस, फक्त धाग्यासाठी उंच वाढणारी जात लावतात आणि आपल्याकडे जास्त करून तेलाची असते. हा धागा घाम पटकन ओढतो आणि पटकन वाळतो, कापड जरा ताठ असल्यामुळे अंगाला चिकटत नाही, त्यामुळे गार वाटतं. पण त्याला लवचिकपणा नाही, एकदा दुमडला की तसाच राहतो, म्हणून चुण्या. इजिप्तमधला ५००० वर्षांपूर्वीचा लिननचा झगा लंडनच्या पेट्री म्युझियममध्ये आहे, त्यालाही बारीक चुण्या आहेत, त्या मात्र मुद्दाम घातलेल्या. आमची मावशी अजून विचारते, "अरे, घरातली इस्त्री बिघडली का?"

धुताना गार पाणी, साधा साबण, ब्लीच नको, पिळायचं तर अजिबात नाही. झटकून सावलीत वाळत घाला आणि जरा दमट असतानाच उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा, कडक वाळल्यावर कितीही घासा, उपयोग नाही. प्रेसवाल्याला देणार असाल तर पाणी मारायला सांगा.

आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इंदूरच्या रंग उडवत जाणाऱ्या मिरवणुकीला, नवीन लिनन घालू नका रे बाबांनो, रंग असा पितं की विचारू नका.