मायटोकॉन्ड्रियाचं मिथिलेशन मोजताय? आधी वर्तुळ कापा

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं; त्यांच्या गोल डीएनएवर मिथिल गट किती बसलेत (मिथिलेशन) हे बायसल्फाइट या रसायनाने मोजायचं असेल, तर सगळ्यात आधी फ्रीझर उघडा आणि ते वर्तुळ कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठरावीक क्रमावर कापणारं प्रथिन) आहे का ते बघा. नसेल तर आजच मागवा. सोलापूरला बर्फातलं पार्सल यायला वेळ लागतो, आणि बायसल्फाइटचं किट हाताशी असलं की ‘या वेळी न कापताच करू’ असा मोह होतो. मागच्या खेपेला माझ्याकडून कापायचंच राहिलं. डी-लूपमध्ये, म्हणजे त्या वर्तुळाच्या नियंत्रण-भागात, भरपूर मिथिलेशन दिसलं आणि नंतर ते सगळं रद्द करावं लागलं.

कारण नीट समजून घ्या, कारण माहीत असलं की पायरी विसरत नाही. सस्तन प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए म्हणजे एक बंद वर्तुळ. माणसात ते १६,५६९ बेस-जोड्यांचं, उंदरात साधारण १६,३०० जोड्यांचं, आणि स्वतःभोवती घट्ट पिळलेलं. बायसल्फाइट फक्त सुट्या झालेल्या धाग्यावरच्या सायटोसिनचं युरॅसिल करतं. मिथिल गट असलेलं सायटोसिन तसंच राहतं. सगळं मोजमाप या एका फरकावर उभं आहे. पिळामुळे धागे सुटलेच नाहीत, तर साधं सायटोसिनही तसंच राहतं आणि सिक्वेन्सिंगमध्ये ‘मिथिलेटेड’ म्हणून वाचलं जातं. किट डीएनएला तापवतं, त्याचे हाल करतं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मानवी डीएनएवर बॅमएचवन या एन्झाइमने वर्तुळ कापलं की हे खोटं मिथिलेशन उतरतं, हे २०१६ मध्ये छापून आलंय. तेव्हा कापा.

एन्झाइम डोळे मिटून निवडू नका. बॅमएचवन माणसाचं वर्तुळ एकाच ठिकाणी कापतं. म्हणून तुमच्या उंदराचं किंवा पंढरपुरी म्हशीचंही तसंच कापेल असं नाही. त्या प्राण्याचा क्रम उघडून स्वतः शोधा. कापण्याची जागा एकच हवी, ती तुम्ही पीसीआरने वाढवणार त्या पट्ट्यात नको, आणि तिच्यात सीजी ही जोडी (सायटोसिनपुढे ग्वानिन, मिथिलेशनची नेहमीची जागा) नको, नाहीतर मिथिलेशन असेल तिथे एन्झाइमच अडेल. बॅमएचवन उष्णतेने मरत नाही, म्हणून नंतर कॉलममधून डीएनए धुऊन घ्या. आणि कापलं गेलंय का ते तपासा: कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठेवून क्यूपीसीआर, म्हणजे प्रमाण मोजणारी पीसीआर, करा. कापल्यावर सिग्नल पडला पाहिजे. पडला नाही तर बायसल्फाइटला हात लावू नका.

आता नमुना. इथे दुसरा चोर बसलेला आहे: केंद्रकातल्या डीएनएमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या क्रमाचे जुने तुकडे अडकलेले असतात. ते केंद्रकात असल्यामुळे मिथिलेटेड असू शकतात, आणि प्रायमर त्यांनाही आनंदाने धरतात. म्हणून शक्य असेल तिथे रक्तातल्या प्लेटलेट घ्या. त्यांना केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया मात्र असतात. रक्त हळू फिरवा, वरचा प्लाझ्मा घ्या, पांढऱ्या पेशींच्या थराला पिपेटचं टोकही लागू देऊ नका. प्लेटलेट वेगळ्या होईपर्यंत रक्त बर्फावर ठेवायचं नाही, थंडीने त्या गोळा होतात. साधारण २२ अंश हवेत. पुस्तकात ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं. मे महिन्यात सांगोल्याहून गाडीतून येणाऱ्या नळीसाठी ते रूम टेंपरेचर म्हणजे चाळीस अंश, हे लक्षात ठेवा.

यकृत घेणार असाल तर उलट: लगेच बर्फात, सुक्रोजच्या द्रावात, आणि त्याच दिवशी मायटोकॉन्ड्रिया वेगळे करा. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये ६०० ते १,००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट) केंद्रकं खाली बसवा, मग १०,००० जी वर मायटोकॉन्ड्रिया. ऊती आधी गोठवू नका. गोठवून वितळवली की पडदे फाटतात, वर्तुळं तुटतात, आणि पुढच्या पायरीत तीच वाया जातात.

ती पायरी म्हणजे सरळ डीएनए खाणारं एक्झोन्यूक्लिएज. ते केंद्रकाचे तुकडे खातं आणि वर्तुळ सोडतं. क्रम चुकवू नका: आधी एक्झोन्यूक्लिएज, मग ७० अंशांवर ३० मिनिटं ठेवून ते निकामी करा, मग वर्तुळ कापा. आधी कापलं तर मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही खाल्ला जाईल. निकामी न करता कापलं तरी तेच. एक्झोन्यूक्लिएज दिलं म्हणून कापायचं टळत नाही. उलट आता नळीत निव्वळ पिळलेली वर्तुळंच उरलीत.

कंट्रोलबद्दल एकच पण महत्त्वाचं. सगळे लॅम्डा या विषाणूचा मिथिल नसलेला डीएनए टाकतात, ९९ टक्क्यांच्या वर रूपांतर झालं म्हणतात आणि निश्चिंत होतात. लॅम्डा सरळ आहे! त्याचं रूपांतर झालं म्हणून वर्तुळाचं झालं असं नाही. डॅम-डीसीएम (मिथिल बसवणारी एन्झाइम्स) नसलेल्या ई. कोलाय जिवाणूत वाढवलेलं गोल प्लाझमिडही (छोटं डीएनए-वर्तुळ) न कापता टाका. पिळामुळे काय होतं ते तिथे दिसेल. शून्य मिथिलेशनच्या कंट्रोलसाठी पीसीआरने वाढवलेला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, पूर्ण मिथिलेशनसाठी तोच एम.एसएसएसवन या मिथिल बसवणाऱ्या एन्झाइमने मिथिलेट केलेला.

प्रायमरमध्ये सीजी नको. दोन्ही धागे वेगवेगळे मोजा, त्यांच्यातलं सायटोसिनचं प्रमाणच वेगळं आहे. बायसल्फाइट ५-एमसी (मिथिल सायटोसिन) आणि ५-एचएमसी (हायड्रॉक्सिमिथिल सायटोसिन) यांत फरक करत नाही, निकाल लिहिताना तसंच लिहा.

रीड्स, म्हणजे सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे, पूर्ण जीनोमवर बसवा. फक्त मायटोकॉन्ड्रियावर बसवल्या तर केंद्रकातले तुकडे तिथे घुसतात. नॅनोपोर (डीएनए थेट वाचणारं सिक्वेन्सिंग) केलं तर बायसल्फाइट लागत नाही, पण पीसीआरचा शून्य-कंट्रोल त्याच प्रक्रियेतून न्या.

आणि आकडा शून्याजवळ आला तर तो ओढूनताणून वाढवू नका. १९७३ मध्ये मिथिलेशन असल्याचं, १९७४ मध्ये नसल्याचं छापून आलं, २०२१ मध्ये नॅनोपोरने मानवी पेशी-ऊतींत सीजीवर पुरावा मिळाला नाही. वाद अजून चालू आहे. म्हणूनच प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा, एक कापलेला, एक न कापलेला, आणि दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात द्या. नळ्यांवर ‘का’ आणि ‘न’ आजच लिहून ठेवा.