दीर्घिकांच्या टकरी शिकवताना: आधी चित्रं, मग नावं

इंदूरला आमच्या मराठी मंडळींच्या रविवारच्या विज्ञानवर्गात नववी ते अकरावीची मुलं येतात. तिथे मी दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलेक्सींच्या, टकरी शिकवते. हा विषय नव्याने घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: व्याख्येने सुरुवात करू नका. हबल दुर्बिणीची आठ-दहा चित्रं रंगीत छापून घ्या, नावं झाका आणि विचारा, "यात आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं?"

खरा धडा या क्रम लावण्यातच आहे. दोन दीर्घिका एकरूप व्हायला शंभर कोटी वर्षांच्या आसपास लागतात. आपल्या हाती प्रत्येक जोडीचा एकच क्षण असतो, म्हणून निरनिराळ्या जोड्या जुळवूनच गोष्ट उभी करावी लागते. मुलं यावरून तावातावाने भांडतात. भांडू द्या, फक्त प्रत्येक दाव्यामागे चित्रातला पुरावा मागा.

'माइस' या टकरणाऱ्या दीर्घिकांच्या जोडीच्या लांब शेपट्या पाहून बहुतेकांना स्फोट आठवतो. इथे घाई करू नका. 1972 मध्ये ॲलर आणि यूरी टूमरे या भावांनी संगणकावर दाखवलं, की निव्वळ गुरुत्वाकर्षणानेही अशा शेपट्या निघतात: जवळच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. नववीचं गुरुत्वाकर्षण एवढ्याला पुरतं. फिकट शेपट्या दिसत नसतील तर मोबाइलवर चित्राचे रंग उलटे करा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्या पटकन उठून दिसतात.

"मग तारे आपटतात का?" हा प्रश्न येतोच. उत्तर फळ्यावर काढून घ्या. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर आणि सर्वांत जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर, म्हणजे मध्ये जवळपास तीन कोटी सूर्य ओळीने मावतील. तारे सहसा आपटत नाहीत. आदळतात ते वायूचे ढग. 'अँटेनी' या टकरणाऱ्या जोडीमधले निळे तारकागुच्छ त्यातूनच जन्मले.

गठ्ठ्यात एनजीसी 3314 मुद्दाम ठेवा. तिथे दोन दीर्घिका एकमेकींवर आलेल्या दिसतात, पण एक सुमारे 11.7 कोटी प्रकाशवर्षांवर आहे, दुसरी 14 कोटींवर. दोघींच्या आकारात परस्परांच्या ओढीची खूण नाही. हे ज्या गटाला स्वतःहून सुचतं, त्याला विषय कळला असं मी समजते.

आपली आकाशगंगा आणि शेजारची मोठी दीर्घिका देवयानी (अँड्रोमेडा) यांचं काय होणार, हेही मुलं विचारतील. 2012 च्या हबल-मोजमापांवरून सुमारे चारशे कोटी वर्षांनी टक्कर नक्की मानली गेली होती. 2025 च्या अभ्यासात पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच निघाली. दोन्ही सांगा, आणि अंदाज का बदलला यावर पुढचा तास घ्या.