गोल्फमध्ये लगेच वैतागत असाल तर हे करून बघा

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) १०० बॉलची बकेट घ्यायची, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, काढायचा आणि सुटायचं, मी पण वर्षभर हेच केलं आणि स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळत जाणं) काही गेला नाही, उलट पाठ धरली. आता ५० च घेतो. पहिले २० सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराची काठी), अर्ध्या स्विंगचे, म्हणजे हात कमरेपर्यंतच न्यायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बघायची, ग्रिप (काठीची पकड) तर ग्रिप. यूट्यूबवरच्या दहा टिप्स एकदम डोक्यात घेतल्या की बॉल राहतो तिथेच आणि मागची माती उडते (मॅटवर असाल तर मनगटाला झणका बसतो तो वेगळाच).

पटिंगला, म्हणजे होलजवळ बॉल हळूच ढकलून आत घालायला, तर अजून धीर लागतो. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमधले प्रो सुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, मग आपला चुकला तर पटर आपटायचं काय कारण? होलपासून ३ फुटांवरून सलग १० घालायचे, चुकला की परत एकपासून. नववा चुकला की डोकं कसं सटकतं ते बघाच, तिथेच दोन मिनिटं पाणी प्यायचं, मग परत.

स्कोअर रोज काय बघायचा? हँडिकॅप (आपल्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा) शेवटच्या २० राउंडमधल्या चांगल्या ८ वरून निघतो, त्यामुळे एखादा रविवार पार वाया गेला, दोन बॉल पाण्यात गेले, तरी फार बिघडत नाही. वहीत फक्त थ्री-पट (एका होलला तीन पट लागणं) किती झाले ते लिहा. माझे आधी राउंडला सात-आठ व्हायचे, आता चार होतात, स्कोअर (गोल्फमध्ये कमी तेवढा चांगला) मात्र अजून शंभराच्या वरच आहे.