जुनी पोस्टाची तिकिटं हाती लागली? आधी या चुका टाळा

सोलापुरात ओळखीतल्या कुणाच्या घरी जुनी ट्रंक उघडली की मला फोन येतो, पण येतो तो कात्री चालवून झाल्यावर. म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, पाकिटावरचं तिकीट कापून काढू नका.

साखर पेठेतल्या एका पोराच्या आजोबांचा चादरीचा व्यवहार होता, पत्रांची गठ्ठीच्या गठ्ठी पडून होती घरात. पोरगं हुशार, पण घाई फार. एका रविवारी बसून सगळी तिकिटं कापली, तीही अगदी कडेला लावून, काहींचे दातेसुद्धा गेले, आणि पाकिटं रद्दीत. "काका, बघा किती नीट कापलीत!" त्यात गांधीजींचं दीड आण्याचं तपकिरी तिकीट होतं. गांधीजींची ती चार तिकिटं १५ ऑगस्ट १९४८ ला निघाली, दीड, साडेतीन, बारा आणे आणि दहा रुपये, छपाई स्वित्झर्लंडची. भिंग लावून शिक्का पाहिला. उजवी बाजू तेवढी तिकिटावर उरली होती, वर इंग्रजीत एपीयूआर, मध्ये ५ ऑगस्ट ४८. ५ च्या आधीचा आकडा पाकिटाबरोबर गेला. १५ असेल तर पहिल्या दिवसाचा शिक्का, २५ असेल तर रोजचं व्यापारी पत्र. आणि गाव? तेव्हा सोलापूरचं इंग्रजी स्पेलिंग एसएच नं सुरू व्हायचं, पण शेवटी एपीयूआर तर कोल्हापूरलाही आहे. दोन्ही गोष्टी त्या कागदावर लिहिलेल्या होत्या हो, दोन मिनिटांत कायमच्या पुसल्या. सुटं दीड आण्याचं तिकीट आजही स्वस्तात मिळतं, ते पाकीट कुठून आणायचं? मला अजून वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. पाकीट आलं की आधी मागची बाजू बघायची, कारण पोचल्याचा शिक्का बऱ्याचदा तिथे असतो, मग दोन्ही बाजूंचा फोटो, मग प्लास्टिकच्या साध्या पिशवीत न ठेवता ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदात ठेवायचं. पाकीट फाटून गेलंच असेल तर तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून कापा, शिक्का पूर्ण येईल असं.

असं कापलेलं तिकीट कागदावरून सोडवायला भिजवायचं असेल तर साध्या पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं, तिकीट आपोआप सुटेपर्यंत. नखानं ओढू नका. गरम पाणी ओतून लवकर उरकणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, जुन्या छपाईचा रंग उतरतो. वाळवायला टीपकागद, छापील पेपर नको. न वापरलेलं, मागे डिंक असलेलं तिकीट मात्र कधीच भिजवायचं नाही.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप नको. बोटांनी उचलू नका, चिमटा घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या ट्रंकेत तिकिटं वळतात आणि पावसाळ्यात डिंक एकमेकांना चिकटतो, म्हणून स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं ठेवायची वही, खालच्या खोलीत, कपाटात उभं ठेवायचं, आडवं रचायचं नाही.

ऑनलाइन दहा रुपयाचं गांधी तिकीट "कोरं, स्वस्तात" दिसलं की लगेच पैसे पाठवू नका. नकली खूप आहेत. दात्यांचं माप, म्हणजे कडेला दोन सेंटीमीटरमध्ये किती दाते, ११½ येतंय का बघा, आणि भिंगाखाली आजच्या प्रिंटरसारखे निळे-गुलाबी-पिवळे सुटे ठिपके दिसले तर सोडून द्या. जाणकाराला दाखवल्याशिवाय मी स्वतःसुद्धा घेणार नाही.

एक छोटी पण सारखी ऐकू येणारी चूक: स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट १५ ऑगस्ट १९४७ चं नाही. साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि जय हिंद असलेलं ते तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला आलं.

आणि "याचे किती येतील?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी नको. त्यापेक्षा एक विषय धरा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या, चीनने त्यांच्यावर १९८२ मध्ये तिकीट काढलं आणि आपल्या पोस्टानं १९९३ मध्ये. दोन्ही शेजारी लावून बघा, मग पुढचं काय शोधायचं ते तुम्हीच मला फोन करून सांगाल.